झोल्डर ते रोहा, व्हाया पेण

शुक्रवारी संध्याकाळी टीममधल्या एका नव्या पोरानं विचारलं, "वीकेंडला काय प्लॅन?"

म्हटलं, "रेस बघायला चाललोय."

त्याचे डोळे लकाकले. "कुठे? चेन्नई? कोईमतूर?"

"नाही रे. पेण आणि रोह्याच्या मधे."

"तिथे ट्रॅक आहे?"

"ट्रॅक म्हणजे... भात कापलेलं शेत आहे. बैलांची रेस आहे."

मग तो जे हसला ते अख्ख्या फ्लोअरनं ऐकलं. मला राग आला नाही. दहा-बारा वर्षांपूर्वी मीही असाच हसलो असतो. हसलो असतो कशाला, त्याहून बरंच काही केलं होतं. ते पुढे येईलच.

पण आधी बेल्जियम.

(हो, हो, माहितीये. ऑनसाईटचे किस्से सांगणारा सॉफ्टवेअरवाला ही एक वेगळीच जमात आहे आणि तिला लग्नकार्यात लोक टाळतात. पण या किस्स्याशिवाय पुढचं कळणार नाही, तेव्हा दोन मिनिटं सोसा.)

2018 साली मी सहा महिन्यांसाठी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला होतो. दिवसभर क्लायंटकडे, रात्री सर्व्हिस्ड अपार्टमेंटमध्ये आमटी-भात, आणि वीकांताला काय करायचं हा यक्षप्रश्न. ट्युलिप बघून झाले होते, पवनचक्क्या बघून झाल्या होत्या. ऑक्टोबरात एका डच सहकाऱ्यानं विचारलं, "झोल्डरला येतोस का? नॅस्कार आहे." मला वाटलं हा चेष्टा करतोय. नॅस्कार म्हणजे अमेरिका, भलेमोठे अंडाकृती ट्रॅक आणि तीन-तीन तास डावीकडे वळत राहणाऱ्या गाड्या, एवढंच माझं ज्ञान. युरोपात ते कुठून आलं?

तर आलं होतं. 2009 पासून युरोपात अमेरिकन पद्धतीच्या स्टॉक कारची मालिका चालते. 2012 मध्ये नॅस्कारनं तिला आपलं म्हटलं, आणि 2013 पासून ती नॅस्कार व्हेलन युरो सीरीज या नावानं ओळखली जाऊ लागली. एप्रिलमध्ये स्पेनच्या वॅलेन्शियात हंगाम सुरू व्हायचा, मधे इंग्लंडमधलं ब्रँड्स हॅच, मग जर्मनीतलं हॉकेनहाइम, आणि शेवट बेल्जियममधल्या झोल्डरला. शेवटच्या टप्प्यांत गुण दुप्पट, त्यामुळे पाच महिने आघाडीवर असलेला माणूससुद्धा शेवटच्या रविवारी गारद होऊ शकतो. आपल्याकडे दहावीला वर्षभराचे सगळे गुण बाजूला ठेवून शेवटच्या पेपरवर भविष्य ठरवतात ना, तसंच काहीसं.

फॉर्म्युला वन टीव्हीवर बघणाऱ्याला या गाड्या म्हणजे अडाणी प्रकार वाटतो. 5.7 लिटरचं व्ही-एट इंजिन, 400 च्या वर अश्वशक्ती, हातानं टाकायचे चार गिअर, आणि चालवणाऱ्याला सांभाळून घेणारं कुठलंही इलेक्ट्रॉनिक्स नाही. चुकलास तर तू चुकलास. गाड्या एकमेकींना बिनधास्त घासतात. आवाज तर असा, की छातीत कोणीतरी ढोल ठेवलाय. मला सगळ्यात गंमत वाटली ती एका गोष्टीची. एकच गाडी दोन ड्रायव्हर वाटून घेतात. वरच्या गटात कसलेला माणूस, खालच्या गटात नवखा. सकाळी एक बसणार, दुपारी दुसरा. त्या हंगामाचं विजेतेपद इस्रायलच्या अलोन डेनं मिळवलं, सलग दुसऱ्यांदा. (पुढे आपल्या भारताचा अद्वैत देवधरही या मालिकेत उतरला. त्याचं कौतुक आपल्या पेपरांनी केलं तेवढंच. क्रिकेट नाही ना ते.)

झोल्डर हे तसं दुःखाचं ठिकाण. 1982 साली जिल व्हिलनव्ह तिथेच गेला. पण त्या दिवशी वातावरण जत्रेचं होतं. बटाट्याच्या तळणीचा वास, कडेवर पोरं, खुर्च्या घेऊन आलेले आजोबा. पिटमध्ये लोकांना खुशाल फिरू देत होते. तिथे एक म्हातारा मेकॅनिक शर्यत सुरू व्हायच्या आधी गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता. नुसता हात ठेवून. काही दुरुस्त करत नव्हता, काही तपासत नव्हता.

आणि मला एकदम मामा आठवला.

मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. आपल्याकडे संध्याकाळ झाली होती. मामा गोठ्यात होता. मोबाइल फिरवून त्याला गाड्या दाखवल्या, गर्दी दाखवली, आवाज ऐकवला. तो बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "लय भारी हाय रं." आणि थोडं थांबून, "तिथं पोलीस नाय येत?"

मी हसलो. म्हटलं, "मामा, यांचा स्पॉन्सरच पोलिसांच्या गाड्यांवरचे दिवे बनवतो." हे अगदी खरं आहे, व्हेलन कंपनीचा धंदाच तो. मामा पण हसला. फोन ठेवल्यावर मात्र पुढची शर्यत मला नीट दिसलीच नाही.

आता जरा मागे जावं लागेल.

मामाचं घर पेण तालुक्यात आणि शेताचा एक तुकडा रोहा तालुक्यात. कासू आणि नागोठण्याच्या मधे, आंबा नदीच्या खाडीच्या अंगाला. खारजमीन, एकच भाताचं पीक, आणि नोव्हेंबरात भात कापलं की फेब्रुवारी-मार्चपर्यंत दगडासारखी टणक झालेली मोकळी शेतं. आमच्या लहानपणी हीच शर्यतींची वेळ. थंडीत वालाच्या शेंगांची पोपटी लागायची, मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, आणि त्या शेकोटीभोवती गप्पा एकाच विषयावर: कोणाचा बैल यंदा पळणार. अलिबागकडचे लोक समुद्रकिनाऱ्यावर पळवायचे, ओहोटी बघून. वाळू ओली पण घट्ट असते तेवढ्या दोन-तीन तासांत सगळं उरकायचं. आमच्याकडे शेतात.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या गोष्टींच्या पुस्तकातली बैलगाडी विसरा. शर्यतीचा छकडा म्हणजे दोन चाकं, एक दांडा आणि ड्रायव्हरला कसंबसं टेकायला जागा. (हो, ड्रायव्हरच म्हणतात. गाडीवान शब्द कवितेत राहिला.) आमच्या बाजूला बिनजोड चालते, म्हणजे दोन छकडे, समोरासमोरची लढत, एक हरला एक जिंकला, विषय संपला. घाटावर वेगळं असतं, तिथे गट पडतात, सेमीफायनल होते, फायनल होते. बैल सोडणारा माणूस वेगळा असतो, त्याच्या हातात सगळा खेळ. पाव सेकंद इकडेतिकडे झालं की गेली शर्यत. आणि पैरा नावाचा प्रकार असतो. तुमच्याकडे एकच चांगला बैल आहे, दुसऱ्या गावात कोणाकडे तरी एकच चांगला आहे. दोघं मिळून जोडी करायची. बक्षीस अर्धं-अर्धं. पैरा जुळणं हे लग्न जुळवण्याइतकं नाजूक काम आहे, आणि मोडलं तर भांडणंही तशीच होतात. झोल्डरला दोन ड्रायव्हरांत एक गाडी बघितली तेव्हा मला पहिला शब्द सुचला तो हाच.

मामानं 2012 च्या दिवाळीनंतर घाटावरून एक खिल्लार खोंड आणलं. आदत, म्हणजे दुधाचे दात न पडलेलं. पांढरंशुभ्र, शिंगं सरळ मागे गेलेली. नाव राजा. मामीच्या पाटल्या त्यात गेल्या हे मला बऱ्याच नंतर कळलं. मामी आजही ती गोष्ट निघाली की भांडी जरा जोरात ठेवते.

तेव्हा कायद्याचं चालू-बंद चाललेलं होतं. जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारनं खेळासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैल घातला. वाघ, सिंह, अस्वल, माकड आणि बैल. मग कोर्टकचेऱ्या. त्या गोंधळात राजा एक हंगाम पळाला. मामा सांगतो की पाच लढती जिंकला, मामी म्हणते तीन. मी एकही बघितली नाही. मी तेव्हा हिंजवडीत होतो आणि माझं जग वेगळं होतं.

त्या वेगळ्या जगात, 2013 च्या डिसेंबरात, मला एक मेल आला. बैलांच्या शर्यतींवर कायमची बंदी घाला अशी ऑनलाइन याचिका. सोबत फोटो. शेपटी दातांनी चावणारा माणूस. टोकाला खिळा ठोकलेली काठी, आणि ती काठी जिथे लागली होती त्या जागेचा फोटो. मी दुपारचं जेवण अर्धं टाकलं. सही केली, फेसबुकवर टाकलं, दहा जणांना फॉरवर्ड केलं. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यती दोन्हींवर बंदी आणली तेव्हा मी स्टेटस टाकलं, "अखेर न्याय!" पुढे दोन उद्गारचिन्हं. लाइक्सही बरे आले होते.

मामाकडे तेव्हा फेसबुक नव्हतं. मामेभावाकडे होतं. त्यानं लाइक केलं नाही, कमेंट केली नाही. मीही विषय काढला नाही.

मला आजही ते फोटो खोटे वाटत नाहीत. ते खरेच होते. मी हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण या विषयावर लिहिलं की लोक दोनपैकी एका बाजूला ढकलतात. एकतर तुम्ही शहरी प्राणीमित्र, नाहीतर संस्कृतीचे रक्षक. मधे उभं राहायला जागाच ठेवत नाहीत. असो.

बंदी म्हणजे नेमकं काय, हे मला कळायला बराच वेळ गेला. आपल्याला वाटतं की बंदी आली म्हणजे बैल सुटला. राजा सुटला नाही, राजा बांधला गेला. पळणारा बैल नांगराला लावत नाहीत, आणि आता चिखलणी तशीही पॉवर टिलरच करतो. 2015 मध्ये राज्यात गोवंश हत्याबंदी आली, त्यामुळे ज्याला विकावासा वाटेल त्यालाही गिऱ्हाईक मिळेना. मामाला तर विकायचाच नव्हता. पण खाणं चालूच. पेंड, उडदाची भरड, खारीक, वर दूध. ज्याला पळायचंच नाही अशा बैलाला मामा सात वर्षं खेळाडूचा खुराक घालत होता. पहाटे पाचला उठून बांधावरून चालायला नेत होता. शेजारी हसायचे.

"कशाला?" मी एकदा विचारलं होतं, 2016 मध्ये बहुतेक. त्या जानेवारीत केंद्रानं परवानगीची अधिसूचना काढली आणि पाच दिवसांत सर्वोच्च न्यायालयानं तिला स्थगिती दिली. मामानं त्या पाच दिवसांत छकड्याला रंग काढला होता.

"उठंल रं कवातरी," तो म्हणाला. "तवा तयार नको?"

चोरून शर्यती होत होत्या. राज्यभर होत होत्या, गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या यायच्या. पहाटे, उजाडायच्या आत, फोनवर जागा कळवायची, दोन लढती करायच्या आणि पांगायचं. तिथे पशुवैद्य कुठला असणार आणि पंच कुठला? मामेभाऊ एकदा गेला होता. परत आला तो म्हणाला, आधी जे दहातले दोघे करायचे ते आता दहाच्या दहा करतात, कारण बघणारं कोणीच नाही. मामा कधीच गेला नाही. त्याला पोलिसांची भीती होती की अजून काही, ते त्यानं सांगितलं नाही.

झोल्डरहून परत आल्यावर मी नॅस्कारबद्दल वाचायला लागलो. (रात्री अकराला एखादा लेख उघडायचा आणि पहाटे दोनला भलत्याच लेखावर सापडायचं, हा आपल्या धंद्याचा रोगच आहे.) आणि वाचता वाचता मी उठून बसलो. हा खेळ सुरू कुठून झाला? दारूबंदीच्या काळात चोरटी दारू वाहणाऱ्यांपासून. दिसायला साधी गाडी, आतून इंजिन आणि स्प्रिंगा बदललेल्या, पोलिसांना गुंगारा देण्यासाठी. मग कोणाची गाडी जास्त पळते यावर रविवारी पैजा. आणि यांचं पहिलं मोठं ठिकाण कुठलं? फ्लोरिडातलं डेटोना बीच. समुद्रकिनारा! अर्धा ट्रॅक वाळूवर, अर्धा शेजारच्या रस्त्यावर, आणि शर्यतीची वेळ ओहोटी बघून ठरायची. 1958 पर्यंत हे असंच चाललं. अलिबागच्या एखाद्या शर्यतवाल्याला तिथे नेऊन उभा केला असता तर त्याला काहीही समजावून सांगावं लागलं नसतं.

डिसेंबर 1947 मध्ये बिल फ्रान्स नावाच्या माणसानं डेटोना बीचवरच्या स्ट्रीमलाइन हॉटेलात सगळ्यांना बोलावलं आणि म्हटलं, बाबांनो, नियम करू या. 1949 मध्ये शार्लटला त्यांच्या मुख्य मालिकेची पहिलीवहिली शर्यत झाली. ग्लेन डनअवे नावाचा माणूस पहिला आला. शर्यतीनंतर गाडी तपासली तर मागच्या स्प्रिंगा बदललेल्या निघाल्या, दारू वाहणाऱ्यांची जुनी युक्ती. त्याला बाद केलं आणि दुसऱ्याला, जिम रोपरला, विजेता ठरवलं. गाडीच्या मालकानं खटला भरला, तो हरला.

म्हणजे पहिल्याच दिवशी, पहिल्याच शर्यतीत, पहिल्या आलेल्याला घरी पाठवलं. हे वाचून मी थक्क झालो. विचार करा, तिथे जमलेल्या अर्ध्या लोकांनी आयुष्यात कधी ना कधी त्याच स्प्रिंगा वापरल्या असणार!

16 डिसेंबर 2021. आमचा सकाळचा स्टँडअप कॉल चालू होता, वर्क फ्रॉम होमचे दिवस. मामाचा फोन. कट केला. परत आला. परत कट केला. तिसऱ्यांदा आला तेव्हा म्यूट करून उचलला, म्हटलं कोणी गेलं की काय.

"उठली रं!"

सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी दिली होती. राज्याच्या 2017 च्या दुरुस्तीनुसार आणि नियमांनुसार. जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी, 50 हजारांची अनामत, धावपट्टी 1000 मीटरपेक्षा लांब नको, बैलाची पशुवैद्यकीय तपासणी, चाबूक नाही, काठी नाही, विजेचा झटका नाही. मोडलंत तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. (18 मे 2023 ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं यावर शिक्कामोर्तब केलं.)

मी मामाला म्हटलं, "अभिनंदन!" आणि लगेच डोक्यात हिशोब झाला. राजा अकरा-बारा वर्षांचा असणार. बैलाचं पळण्याचं वय चौथ्या-पाचव्या वर्षापासून फार तर दहाव्यापर्यंत. 2014 ते 2021. साडेसात वर्षं. झोल्डरला कोणी शर्यत रद्द केली तर गाडी शेडमध्ये झाकून ठेवता येते, पुढच्या हंगामात नवं इंजिन टाकता येतं. इथे अख्खी कारकीर्दच बंदीच्या आत बसली होती. बरोब्बर. एक दिवस इकडे नाही, तिकडे नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये मी तीस वर्षांत पहिल्यांदा शर्यतीला गेलो. दिव्याहून सकाळची रोहा गाडी, नागोठण्याला उतरून मामेभावाच्या बाइकवर. शेतात मंडप, लाउडस्पीकर, वडापावच्या गाड्या, उसाचा रस. पार्किंगमध्ये मोठ्या गाड्यांची रांग बघून मी चाट पडलो. हा आता गरिबाचा खेळ राहिलेला नाही. घाटावर बक्षीस म्हणून अख्खी थार देतात, सांगली जिल्ह्यात 2023 मध्येच दिली. बकासुर, मथुर या बैलांचे व्हिडिओ जितके लोक बघतात तितके लोक माझा ब्लॉग दहा जन्मांत वाचणार नाहीत. समालोचक तर असा, की आपल्या क्रिकेटच्या समालोचकांना त्याच्याकडे शिकवणीला पाठवावं. दोन लढतींच्या मधे तो कोणाची बाइक रस्त्यात लावली आहे तेही त्याच चालीत सांगत होता.

राजाला मामानं आणलं होतं. पळवायला नाही. झूल घालून, शिंगांना रिबिनी बांधून, ट्रॅकच्या सुरुवातीला उभं करायला. मामा त्याच्या वशिंडावर हात ठेवून उभा होता. पहिली जोडी सुटली तेव्हा राजानं मान वर केली आणि पुढचा पाय उचलला. मामानं कासरा घट्ट धरला, काही बोलला नाही.

तिसऱ्या की चौथ्या लढतीआधी मला ते दिसलं. एका छकड्याच्या दांड्याखाली, पोत्यात गुंडाळलेली काठी. टोकाला खिळा. अगदी फोटोतल्यासारखी. मी बघत राहिलो. मामानं माझ्याकडे बघितलं, मी कुठे बघतोय ते बघितलं.

"तवा सही केलीस ना तू?" तो म्हणाला. एकदम शांतपणे. नऊ वर्षांनी!

माझ्या घशाला कोरड पडली. मान हलवली.

"ती त्या काठीच्या विरुद्ध केलीस का राजाच्या?"

खरं सांगायचं तर मला तेव्हा त्यातला फरक माहीतच नव्हता. मी तसंच सांगितलं. मामा म्हणाला, "मग जा. पंचाला सांग."

"मी?"

"मग कोन? मना हितं ऱ्हायचं हाय."

मित्रहो, मी प्रॉडक्शन सर्व्हर पाडलाय, मी क्लायंटच्या सीईओसमोर चुकीचं प्रेझेंटेशन उघडलंय. पण त्या शेतातून पंचाच्या टेबलापर्यंतचे ते साठ-सत्तर पावलं मी आयुष्यात विसरणार नाही. पंचानं वरपासून खालपर्यंत बघितलं, "पाव्हणं कुठलं?" विचारलं. मी मामाचं नाव सांगितलं. (त्याला राहायचं होतं तिथे, आणि मी त्याचंच नाव पुढे केलं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.) पंच उठला, काठी काढून घेतली, टेबलाखाली ठेवली. छकडा मात्र पळाला. आणि जिंकला. टाळ्या पडल्या. त्या छकड्याचा मालक संध्याकाळी मामाच्या समोरून गेला तो न बघता. पुढल्या वर्षी त्याच्याशी ठरलेला पैरा मोडला. ही बातमी मला मामीनं दिली, मामानं नाही.

राजा त्याच पावसाळ्यात गेला. शेतातच पुरला, मीठ घालून. त्या जागेवर मामा आता गवत कापत नाही.

आणि आता मूळ मुद्दा, म्हणजे उद्याची शर्यत. मामाकडे नवं खोंड आलंय, यंदा पहिल्यांदा पळणार. मामेभाऊ आयोजकांच्या कमिटीत आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यानं फोन केला, "तू एवढा सॉफ्टवेअरमधे, लॉट पाडायला काहीतरी करून दे ना." चिठ्ठ्या काढून जोड्या लावतात त्यावर दरवर्षी मारामारी होते. कोणाचीतरी चिठ्ठी थंड होती, कोणाचीतरी दुमडलेली होती. मी दोन वीकांतांत करून दिलं. मोबाइलवर नोंदणीचा फॉर्म, मग सगळ्यांसमोर मोठ्या स्क्रीनवर लॉट. कोड अगदी साधा आहे, कॉलेजमधलं पोरगं लिहील.

फॉर्ममध्ये मी दोन रकाने घातले. एक, पशुवैद्यकीय तपासणीच्या दाखल्याचा क्रमांक. दोन, छकडा तपासला का, कोणी तपासला, आणि छकड्याच्या खालच्या बाजूचा फोटो. दोन्हींसमोर लाल स्टार. लाल स्टार म्हणजे भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. छकडा लॉटमध्ये पडणारच नाही.

काल रात्री साडेअकराला कमिटीतल्या एकाचा मेसेज आला. "भाऊ ॲप एक नंबर झालंय. फक्त ते लाल स्टार काढा ना. लोकं वैतागतात. आपण तपासतोच की."

त्यावर मी "बघतो" असं उत्तर दिलं. आपल्या धंद्यात "बघतो"चा अर्थ काय हे तुम्हाला सांगायला नको. मग मामेभावाचा फोन. तो अडचणीत आहे, त्याला सगळ्यांना सांभाळायचंय, माझ्यासारखं रविवारी रात्री गाडीत बसून ठाण्याला जायचं नाहीये. त्याचंही काही चुकत नाही. "एवढ्या वर्षी काढ," तो म्हणाला. "पुढल्या वर्षी लावू."

आज दुपारी मामाला फोन केला. सगळं सांगितलं. मामा म्हणाला, "मना त्या स्टारचं काय कळत नाय. पन आपला छकडा पयला तपासायला लाव. सगळ्यांच्या म्होरं."

स्टार काढायला एक ओळ बदलायची आहे. लॅपटॉप उघडाच आहे, शेजारच्या खिडकीत हे लिहितोय. पहाटे दिव्याला पोचायचंय, त्यामुळे आता झोपायला हवं. स्टार अजून आहेत.